पाच लिटरचा मॅश: आचेच्या मागे धावू नका

प्रश्न भुसावळहून आला आहे, आणि तो मॅशचा आहे: भरडलेला माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात भिजवून त्यातल्या स्टार्चची साखर करण्याचा. थोडक्यात असा: "सातूचा, म्हणजे बार्लीचा माल्ट १ किलो २०० ग्रॅम, पाणी ४ लिटर ८०० मिली, स्टीलचा गंज (उभं पातेलं), घरचा गॅस. तापमान ६६ अंशांवर तासभर धरायचं आहे. ६६ दिसलं की गॅस बंद करतो. दहा मिनिटांनी बघावं तर ६१. पुन्हा लावतो, तर ७३. तासभर हाच खेळ चालतो. रस कधी गढूळ निघतो, कधी नुसता चिकट आणि कमी गोड. थर्मामीटर बिघडलंय की माझी पद्धत चुकतेय?"

भाऊ, पद्धत चुकतेय. थर्मामीटरचाही थोडा हात आहे, ते पुढे येईलच. पण मूळ चूक ही, की तुम्ही तापमान गॅसनं धरायला बघता. पाच लिटरच्या मॅशचं तापमान पहिल्या पाच मिनिटांत नीट बसवायचं असतं आणि मग तो गुंडाळून ठेवायचा असतो. तासभर आच कमी-जास्त करत बसणाऱ्याचा मॅश कधीच स्थिर राहत नाही.

आधी कायद्याचं सांगतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हा आहे, घरी आणि स्वतःपुरती बनवली तरी. म्हणून यीस्ट टाकण्याच्या पुढचा भाग इथे सांगत नाही. तो परवाना असलेल्या ब्रुअरीत करायचा. माल्ट भिजवून गोड रस काढायचा, त्याचं सरबत करायचं किंवा आटवून माल्टची काकवी करायची, हे मात्र स्वयंपाकाचंच काम आहे. आणि बिअर असो वा काकवी, मॅशचं शास्त्र एकच. ज्याला पुढे मायक्रोब्रुअरीत काम करायचं आहे, त्याला हाताला वळण लावायला पाच लिटरचा मॅश पुरेसा आहे. उलट मोठ्या टाकीपेक्षा तो जास्त कडक परीक्षा घेतो.

कडक का, ते आकड्यांत बघू. माल्टची उष्णता धरण्याची ताकद पाण्याच्या सुमारे चार दशांश असते. म्हणजे तुमचा सव्वा किलोच्या आसपासचा माल्ट उष्णतेच्या हिशेबात जेमतेम अर्धा लिटर पाणी. एकूण मॅश झाला ५.३ लिटर पाण्याएवढा. तो एक अंशानं वर न्यायला सुमारे २२ किलोज्यूल लागतात. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर पूर्ण आचेवर गंजात साधारण १ किलोवॅट उष्णता घालतो, बाकीची बाजूनं निघून जाते. म्हणजे बावीस सेकंदांत एक अंश. आता बाजारात मिळणारं गोल तबकडीचं, लांब दांडीचं थर्मामीटर घ्या. त्याचा काटा खऱ्या आकड्यावर येऊन थांबायला तीस-चाळीस सेकंद घेतो. काटा ६६ दाखवतो तेव्हा मॅश ६८ च्या घरात गेलेला असतो, आणि गंजाच्या बुडाशी बसलेला थर त्याच्याही वर. तुम्ही गॅस बंद करता, बुडाची उष्णता वर चढत राहते. ७३ असं येतं. (ज्या ज्यूलच्या नावानं आपण हा हिशेब करतोय, तो जेम्स ज्यूल इंग्लंडमधल्या सॅलफर्डच्या ब्रुअरी चालवणाऱ्या घरातला होता. अंशाच्या बारीक भागापर्यंत तापमान मोजायचा त्याचा हट्ट होता.)

६१ का दिसतं, तेही याच हिशेबात आहे. झाकण ठेवलेला पण न गुंडाळलेला पाच लिटरचा स्टीलचा गंज २५ अंशांच्या खोलीत तासाला दहा-अकरा अंश गमावतो. भुसावळच्या मे महिन्यात खोलीच ४२ अंशांची असते तेव्हा सहा-सात, आणि जानेवारीच्या पहाटे खोली पंधरा अंशांवर असते तेव्हा तेराच्या आसपास. झाकण काढून ढवळत बसलात तर वाफेबरोबर याहून किती तरी जास्त जातं. पन्नास लिटरच्या भांड्याला हा त्रास कमी, कारण आकारमानाच्या मानानं त्याचा पृष्ठभाग निम्म्याहूनही कमी पडतो. शिवाय तुम्ही पहिल्यांदा ६६ वाचलं, ते बहुधा दाण्यांच्या फटींतल्या पाण्याचं. भरड्याचे कण आतून अजून गार होते. ते तापेपर्यंत आकडा खाली येणारच.

आता मुद्द्याची गोष्ट. वर जाणं आणि खाली जाणं, या दोन चुका सारख्या नाहीत. माल्टमध्ये स्टार्च तोडणारे मुख्य एन्झाइम दोन. बीटा-अमायलेज स्टार्चच्या साखळीच्या टोकापासून दोन-दोन कड्या तोडतं आणि माल्टोज नावाची साखर देतं. त्याला ६० ते ६५ अंश मानवतात. अल्फा-अमायलेज साखळी मधेच कुठेही तोडतं. त्याला ७० च्या आसपास जोर येतो आणि ७५ च्या पुढे तेही थकतं. ६६-६७ हा दोघांना एकत्र कामाला लावण्याचा तोडगा आहे. मॅश ६१ वर गेला तर काम मंदावतं, बस. परत ६६ ला आणा, ते पुढे सुरू होतं. पण ७३ वर पाच-सात मिनिटं राहिला, तर बीटा-अमायलेज मोडतं आणि पुन्हा ६४ ला आणलं तरी जिवंत होत नाही. अंडं उकडलं की उकडलं. मग राहतं फक्त अल्फा. ते साखळीचे तुकडे पाडतं, पण त्यातले बरेच गोड नसतात, त्यांना डेक्स्ट्रिन म्हणतात. तुमचा "चिकट आणि कमी गोड" रस तो हाच. ब्रुअरीत असा वर्ट, म्हणजे मॅशचा गोड रस, गेला तर यीस्टला खायला कमी मिळतं, बिअर जड आणि गुळमट राहते. उलट ६२-६३ वर धरलेला मॅश पातळ, कोरडी बिअर देतो. काकवी करणाऱ्याला मात्र तोच जास्त गोड लागतो.

यावरून कायमचा नियम: चुकायचंच असेल तर खालच्या बाजूला चुका. ६४ वरून ६६ वर चढणं सोपं आहे, ७३ वरून परतीची वाट नाही.

पहिलं पाणी किती तापवायचं, याचं सूत्र असं. पाण्याचं तापमान = हवं ते तापमान + (०.४१ भागिले दर किलो माल्टमागे लिटर पाणी) × (हवं ते तापमान − माल्टचं तापमान). तुमच्या मापात किलोला ४ लिटर पाणी, म्हणजे ०.४१ भागिले ४, सुमारे ०.१०. बहुतेक जण माल्टचं तापमान "खोलीचं असेल, २५ धरू" म्हणून मोकळे होतात. खान्देशात इथेच फसगत होते. पत्र्याच्या छताखालच्या कोठीतला माल्ट मे महिन्यात दुपारी ४० अंशांवर असतो. मग हिशेब: ०.१०२५ × २६ = २.७, पाणी हवं ६८.७ अंश. तोच माल्ट जानेवारीच्या सकाळी १५ अंशांवर. ०.१०२५ × ५१ = ५.२, पाणी हवं ७१.२. दोन्हीत अडीच अंशांचा फरक, फक्त ऋतूचा. उन्हाळ्यात हिवाळ्याचं पाणी ओतलंत तर मॅश सव्वाअडुसष्टच्या आसपास बसतो आणि पुढे कितीही काळजी घेतली तरी बीटा-अमायलेजचा बराचसा काळ आधीच सरलेला असतो. म्हणून थर्मामीटरची दांडी माल्टच्या पिशवीत मध्यापर्यंत खुपसा, दोन मिनिटं थांबा, आकडा लिहा, मग पाणी तापवायला ठेवा.

पाणी ज्या गंजात तापवलं त्यातच माल्ट टाकत असाल तर गंजाची वेगळी वजावट नको, तो आधीच तापलेला आहे. दुसऱ्या गार भांड्यात ओतणार असाल तर दीड किलोचं स्टीलचं भांडं सव्वा-दीड अंश खातं, आणि ओतताना वाफेत आणखी एखादा अंश जातो. याला सोपा उपाय म्हणजे भांडं आधी उकळत्या पाण्यानं दहा मिनिटं तापवून ते पाणी टाकून देणं.

भरड्याबद्दल. मिक्सरमध्ये माल्टचं पीठ करू नका. तुसाची साल मोकळी पण अखंड राहावी आणि आतला दाणा तीन-चार तुकड्यांत फुटावा, लापशीच्या रव्यासारखा. घरघंटीला सर्वांत मोठ्या भोकांची जाळी लावून एकदा फिरवलं की होतं. आधी मूठभर दळून बघा. पीठ जास्त झालं की गुठळ्या होतात, गुठळीच्या आत पाणी जात नाही, तिथला स्टार्च तसाच राहतो आणि रस गढूळ निघतो. तुमच्या गढूळ रसाचं हे एक कारण असू शकतं. माल्ट पाण्यात टाकताना गॅस बंदच हवा. तीन-चार भागांत, दोनेक मिनिटांत टाका. एक हात टाकतोय, दुसरा लाकडी उलथन्यानं तळापासून वर ढवळतोय, असं. बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ हाटलेल्या हाताला हे शिकवावं लागत नाही: गुठळी दिसली की काठाला दाबून फोडायची. कापडी पिशवीत माल्ट घालून करत असाल, तर चक्का बांधतो तसलं मलमलीचं कापड चालतं, पण पिशवी गंजाएवढी ऐसपैस हवी. आवळून बांधलेल्या पिशवीत मधला गोळा कोरडा राहतो.

सगळा माल्ट पडला की दोन मिनिटं सावकाश ढवळा आणि मग तीन ठिकाणी मोजा: मध्यभागी, काठाशी, बुडापासून बोटभर वर. न ढवळलेल्या मॅशमध्ये या तीन जागांत तीन-चार अंशांचा फरक सहज असतो. तिन्ही आकडे एका अंशात आले की मगच तो मॅशचा आकडा. तो ६५ ते ६७ च्या मध्ये असेल तर गॅसकडे बघायचंही नाही. झाकण ठेवा आणि गुंडाळा.

नसेल, तर दुरुस्ती पाण्यानं करा, आचेनं नाही. बाजूच्या शेगडीवर एक लिटर पाणी उकळतं ठेवलेलं असावं आणि फ्रीजमध्ये बर्फ. मॅश ६३ वर बसला आणि ६६ हवाय, तर ५.३ गुणिले ३, भागिले ३३: साधारण अर्धा लिटर उकळतं पाणी. एकदम ओतू नका. निम्मं ओता, ढवळा, मिनिटभर थांबा, मोजा, मग उरलेलं. मॅश ७२ वर गेला आणि ६६ हवाय, तर गार पाणी पाऊण लिटरच्या वर लागेल आणि रस पातळ होईल. त्यापेक्षा बर्फ घ्या, सव्वादोनशे ग्रॅम पुरतो, कारण वितळतानाच तो खूप उष्णता ओढतो. पण हे पहिल्या एक-दोन मिनिटांत झालं तरच उपयोग. वीस मिनिटांनी ७२ दिसल्यावर बर्फ टाकून काही वाचत नाही. तेव्हा तसंच चालू द्या आणि रस गोडीला कमी येणार हे धरून चाला.

आता धरून ठेवण्याचं. तीन रस्ते आहेत, आणि पाच लिटरला मी पहिलाच सुचवेन.

कापसाची पेटी. आपल्या भागात कापसाला तोटा नाही, तो याला फार उत्तम लागतो. गंजापेक्षा चारही बाजूंनी वीतभर मोठा लाकडी किंवा पुठ्ठ्याचा खोका घ्या. तळाशी चार बोटं कापूस दाबून भरा, सरकी काढलेला आणि पूर्ण कोरडा. गंज जुन्या धोतरात गुंडाळून मध्ये ठेवा म्हणजे कापूस चिकटत नाही. बाजूंनी कापूस भरा आणि वर झाकणासारखी कापसाची जाड गादी ठेवा. कापूस नसेल तर दोन गोधड्या चालतात. नीट गुंडाळलेला गंज तासाला दोन-अडीच अंश गमावतो, आणि ६६.५ वर सुरू करून ६४ वर संपलेला मॅश अगदी उत्तम मॅश आहे. लोडशेडिंग झालं तरी याला फरक पडत नाही. सावधगिरी एकच आणि ती गंभीर: कापूस पेट घेतो. पेटी शेगडीच्या खोलीत नको, आणि गंजाचं बूड गॅसवरून उतरवल्यावर मिनिटभर फरशीवर टेकवून मगच आत ठेवा.

हे जमलंय की नाही ते माल्ट न घालता आधी तपासता येतं, आणि प्रत्येकानं एकदा तपासावंच. गंजात ५.३ लिटर साधं पाणी ६७ अंशांवर घ्या, पेटीत ठेवा, तासाभरानं मोजा. मिळालेली घट तुमच्या पेटीची, तुमच्या खोलीची, त्या ऋतूची. वहीत लिहा. पुढच्या वेळी निम्मी घट वर धरून सुरुवात करा.

दुसरा रस्ता पाण्याच्या कुंडाचा. पंधरा लिटरच्या पातेल्यात कुकरची जाळी ठेवायची, तिच्यावर मॅशचा गंज, भोवती सात-आठ लिटर ६७ अंशांचं पाणी. आता एकूण वजन तेरा लिटरचं झालं, त्यामुळे आकडा धाडकन हलत नाही, आणि आच लावली तरी ती बाहेरच्या पाण्याला लागते, मॅशच्या बुडाला नाही. बाहेरचं पाणी ६६ ते ६८ मध्ये ठेवा. दर पंधरा मिनिटांनी मोजून गरजेपुरती मंद आच, एवढंच काम. ज्यांच्याकडे सूव्हीडची कांडी (पाणी ठरलेल्या अंशावर धरणारी विजेची कांडी) आहे त्यांनी ती याच बाहेरच्या पाण्यात बुडवावी. मॅशमध्ये घातली तर भरडा तिच्या पंख्यात अडकतो आणि तापणाऱ्या भागावर स्टार्च करपून बसतो.

तिसरा रस्ता थंड पाण्याच्या कॅम्परचा. त्यात थेट ७० अंशांचं पाणी ओतायचं नाही. गार पाण्यासाठी बनवलेल्या प्लास्टिकच्या अस्तराचा त्या उष्णतेला भरवसा नसतो, वासही उतरतो. आत बसेल असा स्टीलचा डबा ठेवून चालवता येतं. डबा काठोकाठ भरेल इतका मोठाच घ्या, अर्धा रिकामा डबा वरच्या हवेत उष्णता घालवतो.

इंडक्शनवर "६० अंश" किंवा "८० अंश" असं बटण असतं, त्यावर विसंबू नका. तो काचेखालचा सेन्सर काचेचं तापमान मोजतो, मॅशचं नाही.

थर्मामीटर. तुमच्या त्या तबकडीच्या जागी बारीक टोकाचं डिजिटल घ्या, पाच-सहा सेकंदांत स्थिर होणारं. ताप मोजायचं इथे कामाचं नाही, ते ४२ च्या पुढे जात नाही. काचेचं पाऱ्याचं खाण्याच्या भांड्यात कधीही नको, फुटलं तर सगळं फेकावं लागतं. दुरून लाल ठिपका मारून मोजणारी बंदूक फक्त वरच्या थराचं तापमान सांगते, आणि वर वाफ असेल तर तेही चुकीचं. डिजिटल घेतलं तरी तपासा: ठेचलेल्या बर्फाच्या ग्लासात थोडंसंच पाणी घालून ढवळा, तिथे ० यायला हवा. मग उकळत्या पाण्यात. जळगाव-भुसावळ समुद्रसपाटीपासून सुमारे दोनशे मीटरवर, तेव्हा इथे पाणी ९९.३ च्या आसपास उकळतं, १०० ला नाही. तोरणमाळला हेच करायला गेलात तर ९६ च्या जवळ उकळेल, आणि चांगलं थर्मामीटर उगाच बिघडलेलं वाटेल. फरक किती आणि कुठल्या बाजूला, ते थर्मामीटरच्या डबीवर लिहून ठेवा.

मॅश झाला का, हे घड्याळापेक्षा मॅशलाच विचारा. सुरुवातीला पाणी पिठाळ, पांढुरकं दिसतं, चमच्यावरून दुधाळ ओघळतं. पंधरा-वीस मिनिटांत वरचं पाणी पातळ होतं, रंग गडद होतो आणि दाण्यांमधून आरपार दिसायला लागतं. तो बदल डोळ्यांनी दिसतो. थेंब दोन बोटांत दाबून उघडला की बोटं चिकटतात. खात्रीसाठी आयोडीन. चमचाभर रस, तूस न घेता, पांढऱ्या बशीत काढा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम रसात आयोडीनचा निळा रंग उठतच नाही, आणि माणूस स्टार्च संपला असं समजून फसतो. मग औषधाच्या दुकानातल्या टिंक्चर आयोडीनचा एक थेंब. निळा-काळा झाला तर स्टार्च बाकी आहे, आणखी पंधरा मिनिटं ठेवा. पिवळसर-तपकिरीच राहिला तर काम झालं. बशीतलं फेकून द्या, पुन्हा गंजात नको.

तासानंतरही निळा येत असेल आणि तापमान बरोबर असेल, तर पाणी बघा. मॅशचा सामू, म्हणजे पीएच, ५.२ ते ५.६ हवा. आपल्याकडच्या बोअरचं पाणी बहुतेक जड असतं, किटलीत पांढरा थर धरणारं. त्यातला क्षार सामू वर ढकलतो, एन्झाइम सुस्तावतात आणि शेवटी तुसाचा तुरटपणाही उतरतो. आदल्या दिवशी पाणी दहा मिनिटं उकळून गार करा, तळाचा पांढरा गाळ मागे ठेवून वरचं घ्या. किंवा निम्मं आरओचं पाणी मिसळा. पूर्ण आरओ मात्र नको. अल्फा-अमायलेजला टिकून राहायला थोडं कॅल्शियम लागतं, आणि आरओ तेच काढून टाकतो.

ज्वारीबद्दल आपल्या भागातून नेहमी विचारतात, म्हणून थोडं खोलात सांगतो. सातूचा स्टार्च ६० ते ६५ अंशांत फुलतो, म्हणून मॅशच्या तापमानालाच एन्झाइमच्या हाती लागतो. ज्वारीचा स्टार्च फुलायला सत्तरीच्या घरात जावं लागतं, तांदळाचाही जवळपास तसाच. म्हणजे ज्वारीची भरड ६६ च्या मॅशमध्ये टाकली तर ती तशीच बसून राहते आणि रस गढूळ होतो. तिला आधी वेगळी शिजवायची: पाव किलो भरड, एक लिटर पाणी, वीस मिनिटं उकळून पातळ कण्या कराव्यात तशी. मग ६८-७० पर्यंत निववून मॅशमध्ये मिसळायची. सातूचा माल्ट एकूण धान्याच्या तीन चतुर्थांश ठेवा, त्याचे एन्झाइम तेवढं ओझं उचलतात. घरी ज्वारीला मोड आणून तिचाच माल्ट करायचा विचार असेल तर दोन अडचणी आहेत. ज्वारीच्या माल्टमध्ये बीटा-अमायलेज मुळातच कमी असतं. आणि ज्वारीच्या कोवळ्या कोंबांत सायनाइड सोडणारं द्रव्य असतं, म्हणूनच कोवळी ज्वारी खाऊन जनावरं दगावतात. मोड नीट वाळवून, कोंब आणि मुळं चोळून पूर्ण काढल्याशिवाय ती वापरायची नाही. नवख्यानं यात पडूच नये.

तासाभरानंतर मॅश ७६ पर्यंत नेला की रस पातळ होऊन सहज गळतो. तिथेही गॅस लावायची गरज नाही. मॅशच्या तीन दशांश भाग, दाण्यांसकट घट्ट नव्हे तर नुसता पातळ रस, वेगळ्या पातेल्यात काढा, ढवळत उकळा आणि परत ओता. थर्मामीटर ब्रुअरीत येण्याच्या आधीपासून मध्य युरोपात लोक अशाच रीतीनं तापमान चढवत आले. उकळीला थर्मामीटर लागत नाही आणि भाग मोजला की अंश मोजले जातात. ७८ च्या पुढे मात्र जाऊ नका, तुसाचा तुरटपणा सुटतो.

मग पिशवी उचलून किंवा चाळणीतून गाळून घ्या. दाण्यांवरून ७५ अंशांचं दोन लिटर पाणी सावकाश सोडा आणि ते पहिल्या रसात मिळवा. जोरात पिळू नका. लगेच उकळी आणा. आपल्या उन्हाळ्यात हा रस रात्रभर तसाच राहिला तर सकाळी आंबलेला मिळेल. उकळून पाच लिटर उरले की सगळं नीट जमलं असेल तर गार केलेल्या रसाची घनता (पाण्याची १.००० धरून) २० अंशांना १.०५० च्या थोडी वर यायला हवी. १.०४५ च्या खाली आली तर बहुधा भरडा जाड राहिला किंवा मॅश पूर्ण झाला नाही. ही घनता मात्र गोडी किती उतरली हे सांगते, कोणती साखर उतरली हे नाही. ७३ वर गेलेल्या मॅशचा रसही १.०५० दाखवतो. म्हणून आयोडीन आणि घनता दोन्ही ठीक आणि तरी रस चिकट, कमी गोड, असं झालं की पहिल्या दहा मिनिटांचे आकडे वहीत बघा.

काकवीसाठी हाच रस रुंद बुडाच्या कढईत आटवा. पाच लिटरमधून पाऊण ते एक किलोच्या दरम्यान निघते. पहिलं दीड लिटर पाणी मोठ्या आचेवर उडवायला हरकत नाही, पण रस मधाएवढा घट्ट व्हायला लागला की आच अगदी मंद आणि उलथनं हातातून सोडायचं नाही. गुऱ्हाळात काकवी उतरवायच्या वेळी बुडबुडे मोठे आणि सावकाश फुटायला लागतात, इथेही तीच खूण. गार ताटलीवर थेंब टाका, ताटली तिरकी केल्यावर तो पळाला नाही, सावकाश सरकला, की उतरवा.